रुपया आणि डॉलर : जुन्या विनिमय दरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना दर विचारणाऱ्यांत आयकर विवरणपत्र भरणारे असतात, आजोबांची कागदपत्रं लावणारे असतात, प्रबंध लिहिणारे असतात आणि व्हॉट्सॲपवर आलेला संदेश खरा की खोटा ते तपासणारेही असतात. सगळ्यांना आमचा पहिला प्रतिप्रश्न एकच असतो : कुणाचा दर, कोणत्या तारखेचा आणि कशासाठी? ही तीन उत्तरं हाताशी असली की बाकीचं सोपं होतं.

१. १९४७ साली एक डॉलर एका रुपयाला मिळत होता, हे खरं आहे का?

नाही. दर पंधरा ऑगस्टला हा संदेश नव्याने फिरतो, पण त्याला आधार नाही. १९४७ साली रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडाचा दर तेव्हा ४.०३ डॉलर होता. १३.३३ ला ४.०३ ने भागलं की ३.३१ येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे डिसेंबर १९४६ मध्ये नोंदवलेली रुपयाची अधिकृत किंमतही ३०.२२५ सेंट होती, म्हणजे तेवढीच. स्वातंत्र्याच्या दिवशी डॉलर साधारण ३ रुपये ३१ पैशांना होता. (तेव्हा पैसे शंभर नव्हते, त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.)

२. मग तेव्हापासून दर कसा बदलत गेला? महत्त्वाचे टप्पे सांगा.

१८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारतानेही लगोलग तेवढंच अवमूल्यन केलं आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. हा दर जवळजवळ सतरा वर्षं हलला नाही. ६ जून १९६६ ला तो ७.५० झाला आणि पौंड १३.३३ वरून २१ रुपयांवर गेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं पुन्हा अवमूल्यन झालं, पण या वेळी भारत त्यामागे गेला नाही. म्हणून डॉलर ७.५० वरच राहिला आणि पौंड मात्र २१ वरून १८ रुपयांपर्यंत उतरला. जुन्या हिशेबांत पौंड अचानक स्वस्त झालेला दिसला की लोकांना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही.

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. डिसेंबरमध्ये रुपया पुन्हा पौंडाला बांधला गेला (१८.९६७७ रुपये) आणि डॉलर ७.२८ च्या आसपास आला. २५ सप्टेंबर १९७५ ला पौंडाचा धागा कायमचा तुटला आणि रुपयाची किंमत अनेक चलनांच्या टोपलीवरून ठरू लागली. १९८०-८१ ची सरासरी ७.९१ होती, १९९०-९१ ची १७.९४. ऐंशीच्या दशकात एकही अवमूल्यन जाहीर झालं नाही, तरी रुपयाची निम्म्याहून अधिक किंमत त्या काळात गेली, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

१ आणि ३ जुलै १९९१ अशा दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. डॉलर साधारण २१ वरून २६ रुपयांवर गेला. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात दोन दर होते (प्रश्न १३). १ मार्च १९९३ पासून एकच, बाजारात ठरणारा दर आला. तो बराच काळ ३१.३७ च्या आसपास राहिला. २००७-०८ मध्ये डॉलर ४० च्या आसपास होता, ऑगस्ट २०१३ मध्ये ६८ च्या वर गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने ७० ओलांडले आणि जुलै २०२२ मध्ये ८०.

३. १९६६ चं अवमूल्यन कुणी ३६.५ टक्के लिहितं, कुणी ५७.५. बरोबर कोण?

दोघंही. रुपयाच्या बाजूने पाहिलं तर एका रुपयाला आधी २१ सेंट मिळत होते, नंतर १३.३३. घट ३६.५ टक्के. डॉलरच्या बाजूने पाहिलं तर ४.७६ चा ७.५० झाला. वाढ ५७.५ टक्के. १९४९ चंही तसंच : रुपया ३०.५ टक्क्यांनी घसरला, डॉलर सुमारे ४४ टक्क्यांनी महागला. ‘अवमूल्यन’ हा शब्द वापरलात तर रुपयाच्या बाजूचा आकडा द्या. आयात किती महागली हे सांगायचं असेल तर डॉलरच्या बाजूचा. एकाच लेखात १९६६ साठी एक पद्धत आणि १९९१ साठी दुसरी वापरली की तुलना पूर्ण चुकते, आणि वर्तमानपत्रांत हे वारंवार घडतं.

४. एकाच तारखेचे चार ठिकाणी चार दर दिसतात. खरा कोणता?

चारही खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या व्यवहारांचे आहेत. समजा, एखाद्या दिवशी बँकांच्या आपसातला मधला दर ८३.२० आहे. त्याच दिवशी बँकेच्या फलकावर साधारण असं चित्र दिसेल : टीटी (टेलिग्राफिक ट्रान्सफर, म्हणजे नोटांशिवाय खात्यातून होणारी देवघेव) खरेदी ८२.७५, टीटी विक्री ८३.६५, रोख नोटांची खरेदी ८१.८०, रोख नोटांची विक्री ८४.५०.

‘खरेदी’ आणि ‘विक्री’ नेहमी बँकेच्या बाजूने असते. परदेशातून तुमच्या खात्यात डॉलर आले तर बँक ते विकत घेते, म्हणून टीटी खरेदी दर, म्हणजेच टीटी बाइंग रेट लागतो. मुलीची फी परदेशी पाठवताना बँक डॉलर विकते, म्हणून टीटी विक्री. नोटांचा दर सगळ्यात वाईट, कारण नोटा सांभाळणं, मोजणं, त्यांचा विमा उतरवणं आणि त्या परदेशी पाठवणं हा खर्च त्यात असतो. सेवाशुल्क आणि जीएसटी वेगळे.

याशिवाय रेफरन्स रेट, म्हणजे संदर्भासाठी रोज जाहीर होणारा दर असतो. ९ जुलै २०१८ पर्यंत तो रिझर्व्ह बँक जाहीर करत होती. १० जुलै २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया (एफबीआयएल) करते. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या वेळातल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून तो काढतात. संध्याकाळी बाजार बंद होतानाचा दर वेगळाच असू शकतो. बातमीत ‘रुपया इतक्यावर बंद’ असं येतं तो रेफरन्स रेट नव्हे. इंटरनेटवरची रूपांतरयंत्रं बहुधा मधला दर दाखवतात. त्या दराने सामान्य माणसाला कुठलीच बँक डॉलर देत नाही.

५. जुना दर नेमका कुठे पाहायचा?

काळानुसार ठिकाण बदलतं.

२०१८ पर्यंतचा रेफरन्स रेट रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर तारखेनुसार मिळतो, पुढचा एफबीआयएलकडे. येनचा दर १०० येनसाठी असतो हे विसरू नका, नाहीतर उत्तर शंभरपट चुकतं.

रेफरन्स रेट सापडत नाही इतक्या जुन्या तारखेचा डॉलर दर हवा असेल तर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची मालिका २ जानेवारी १९७३ पासून मोफत उपलब्ध आहे. तो न्यूयॉर्कच्या दुपारचा दर आहे, त्यामुळे मुंबईच्या त्याच तारखेच्या दराशी पैशापैशाने जुळणार नाही. तिथे रुपयाचा दर ‘एका डॉलरला किती रुपये’ असा असतो आणि पौंडाचा ‘एका पौंडाला किती डॉलर’ असा. पौंड-रुपया काढताना हे दोन गुणायचे, भागायचे नाहीत. फाइल एक्सेलमध्ये उघडलीत की सुट्टीच्या दिवशी आकड्याऐवजी अक्षरं किंवा रिकामा चौकोन येतो. त्यातून काढलेली सूत्रं गडबडतात, म्हणून त्या ओळी आधी गाळा. तारखांचं अमेरिकी वळणही तपासा. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे एकदा चुकलं की पुढे सगळंच चुकतं.

वार्षिक सरासरी हवी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी हँडबुकात १९७०-७१ पासूनचे आकडे आहेत. त्याहून जुना काळ तर आणखी सोपा : दर सरकारने बांधलेला होता, म्हणून प्रश्न २ मधले टप्पे पुरतात. प्रत्यक्ष बँकेच्या पावतीवर मात्र किंचित वेगळा आकडा दिसेल, कारण बांधलेल्या दराभोवती थोडी मोकळीक आणि बँकेची दलाली असे.

६. मला हवी असलेली तारीख रविवार किंवा सुट्टीची निघाली. काय करू?

त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्या आणि हिशेबाच्या कागदावर तशी नोंद करा. शुक्रवार आणि सोमवारची सरासरी काढू नका. तसा दर कुणीच कधी जाहीर केलेला नसतो.

७. वार्षिक सरासरी वापरली तर चालेल का?

लेखात, तक्त्यात, अंदाज बांधताना चालेल. एखाद्या ठरावीक व्यवहारासाठी नाही. १९९१-९२ ची सरासरी २४.४७ आहे. त्या वर्षी जूनमध्ये डॉलर २१ च्या आसपास होता आणि जुलैनंतर २६ च्या आसपास. २४.४७ हा दर बहुतेक कुणालाच मिळालेला नाही. दुसरं म्हणजे वर्ष कोणतं ते पाहा. भारतीय तक्त्यात बहुधा एप्रिल ते मार्च असतं, अमेरिकी तक्त्यात जानेवारी ते डिसेंबर. वर्षअखेरचा दर आणि वर्षाची सरासरी हेही वेगळे रकाने असतात.

८. आयकरासाठी कोणत्या दिवसाचा दर धरायचा? माझ्याकडे परदेशी पगार, लाभांश आणि शेअर्स आहेत.

आयकर नियम, १९६२ मधला नियम ११५ यासाठी आहे. दर स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर. मधला नाही, रेफरन्स रेटही नाही. तारीख उत्पन्नाच्या प्रकारानुसार बदलते. पगारासाठी ज्या महिन्यात तो देय झाला त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. लाभांशासाठी ज्या महिन्यात तो जाहीर झाला, वाटला किंवा दिला गेला त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. भांडवली नफ्यासाठी मालमत्ता विकली त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. घरभाडं, व्यवसाय, बँकेतल्या ठेवींचं व्याज वगैरेंसाठी ३१ मार्च.

म्हणजे शेअर १४ ऑगस्टला विकला तर ३१ जुलैचा दर. १४ ऑगस्टचा दर लावणं ही आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांमधली सर्वांत मोठी चूक आहे. परदेशात कापलेल्या कराचं श्रेय घेताना (नियम १२८) तो कर ज्या महिन्यात भरला किंवा कापला गेला त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. तिथे सर्वोच्च शिल्लक त्या दिवसाच्या दराने आणि अखेरची शिल्लक ३१ डिसेंबरच्या दराने.

अडचण अशी की स्टेट बँकेचा दरपत्रक रोज बदलतो आणि जुने पत्रक सहज हाती लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी ते पीडीएफ उतरवून ठेवायची सवय लावून घ्या. वर्षाला बारा फाइली, पण नोटीस आली तर त्यांचंच मोल कळतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो. त्यानंतरच्या उत्पन्नासाठी त्या कायद्याखालचे नियम पाहा.

९. मी फ्रीलान्स काम करतो. डॉलर येतात आणि त्याच दिवशी बँक रुपये करते. तरीही ३१ मार्चचा दर लावायचा?

नाही. व्यवसायाचं उत्पन्न ३१ मार्चपूर्वी रीतसर भारतात आलं असेल तर नियम ११५ चा तो भाग लागू होत नाही. बँकेने प्रत्यक्ष जमा केलेले रुपये धरा आणि परदेशी रक्कम मिळाल्याचा बँकेचा दाखला जपा. ३१ मार्चचा दर फक्त तोपर्यंत बाहेर राहिलेल्या येण्यासाठी.

१०. परदेशी शेअरचा खरेदी खर्च कोणत्या दराने रुपयांत आणायचा?

इथे दोन पद्धती चालतात. एकीत डॉलरमध्ये नफा काढून तो नियम ११५ च्या एकाच दराने बदलतात. दुसरीत खरेदीची किंमत खरेदीच्या वेळच्या दराने आणि विक्रीची किंमत नियम ११५ च्या दराने रुपयांत आणून वजाबाकी करतात. रुपया घसरत असताना दुसऱ्या पद्धतीत नफा जास्त दिसतो, कारण चलनातली वाढही त्यात येते. व्यवहारात अनेक सनदी लेखापाल दुसरी वापरतात. कोणतीही निवडा, पण दरवर्षी तीच ठेवा. कंपनीने दिलेल्या आरएसयूमध्ये (कर्मचाऱ्याला ठरावीक काळानंतर मिळणारे शेअर) शेअर हाती येतानाची किंमत आधीच पगाराचा भाग म्हणून रुपयांत करपात्र झालेली असते. कंपनीकडून मिळणाऱ्या फॉर्म १२बीएमध्ये (पगाराबाहेरच्या लाभांचा तक्ता) आलेला तो रुपयांचा आकडाच खरेदी खर्च म्हणून धरणं सर्वांत सुरक्षित.

११. आयातीच्या मालावर कस्टम्सने वेगळाच दर लावला. का?

सीमाशुल्कासाठी सरकार स्वतंत्र दर जाहीर करतं. आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी नवा दर ठरतो आणि ४ जुलै २०२४ पासून तो आइसगेटवर, म्हणजे सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर, आपोआप प्रसिद्ध होतो. लागू होतो तो बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण) दाखल केल्या दिवशी अमलात असलेला दर. माल बंदरात कधी लागला किंवा पैसे कधी पाठवले याला इथे महत्त्व नाही. निर्यातीत शिपिंग बिलाची तारीख.

१२. जुन्या बँक पत्रात ‘१०० रुपये = ३.१८ डॉलर’ असं लिहिलंय. हा दर उलटा आहे का?

हो. १ ऑगस्ट १९९३ पर्यंत भारतातल्या बँका शंभर रुपयांना किती परकीय चलन, असाच दर सांगत. २ ऑगस्ट १९९३ पासून एका डॉलरला किती रुपये, अशी आजची रीत आली. रूपांतरासाठी १०० ला त्या आकड्याने भागा : १०० ÷ ३.१८ = ३१.४५ रुपये. उलट्या रीतीत बँकेचा खरेदी दर मोठा असे आणि विक्री दर लहान, त्यामुळे पत्रातले दोन आकडे वाचताना अदलाबदल होऊ देऊ नका. अनेक उलट्या दरांची सरासरी हवी असेल तर आधी प्रत्येक दर सुलटा करा, मग सरासरी काढा. क्रम बदलला की उत्तर बदलतं.

१३. १९९२ सालच्या कागदांवर दोन दर दिसतात. कोणता घ्यायचा?

१ मार्च १९९२ पासून वर्षभर दुहेरी व्यवस्था होती. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के अधिकृत दराने (२६ च्या जवळ) रिझर्व्ह बँकेकडे जात आणि ६० टक्के बाजारभावाने (३० च्या आसपास) विकता येत. समजा अधिकृत दर २५.९० आणि बाजारभाव ३० होता. हजार डॉलरचे झाले ४०० × २५.९० = १०,३६० आणि ६०० × ३० = १८,०००, एकूण २८,३६०. हाती पडलेला दर २८.३६. म्हणून त्या वर्षीच्या रकमेला एकच दर लावण्याआधी ती रक्कम कशाची होती ते पाहा. पावतीवर दोन ओळी असतील तर त्यांची बेरीज हेच उत्तर.

१४. ‘१ शि. ६ पे.’ अशा दराचं गणित कसं करायचं?

एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. दर पेन्समध्ये आणा आणि २४० ला त्याने भागा. १ शि. ६ पे. म्हणजे १८ पेन्स, २४० ÷ १८ = १३.३३ रुपये. १ शि. ४ पे. म्हणजे १६ पेन्स, उत्तर १५ रुपये. २ शि. म्हणजे १० रुपये.

१८९३ मध्ये कुणीही चांदी आणून टांकसाळीत नाणी पाडून घेण्याची मुभा बंद झाली, त्याआधी रुपयाचा भाव चांदीबरोबर हलत असे. नंतर १ शि. ४ पे. हा दर पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. युद्धानंतर रुपया २ शिलिंगांच्याही वर गेला आणि कोसळला. १ शि. ६ पे. हा दर भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनंतर १९२७ मध्ये कायद्याने ठरला. आयोगातच त्यावर मतभेद होता : मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १ शि. ४ पे. साठी भिन्नमतपत्रिका जोडली. याच आयोगापुढे १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली होती. दोन पेन्सांचा हा फरक निर्यातदार आणि गिरणीमालकांना थेट लागत होता, म्हणून मुंबईत हा वाद इतका पेटला.

या काळातला डॉलर दर हवा असेल तर पौंड-डॉलरचा त्या तारखेचा दर आधी मिळवा. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान (चलनाची सोन्याशी बांधलेली किंमत) सोडला तेव्हा रुपया पौंडाशी होता तिथेच राहिला, डॉलरशी मात्र हलला.

१५. १९५२ च्या कराचीच्या कागदावरच्या रुपयाला भारतीय दर लावू का?

नको. १९४९ मध्ये भारताने अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही. १९५५ पर्यंत तिकडचा डॉलर ३.३१ रुपयांचाच होता आणि १०० पाकिस्तानी रुपये म्हणजे १४४ भारतीय रुपये. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही ४.७६ वर येऊन बरोबरी केली, पण १९६६ मध्ये पुन्हा दोन वाटा झाल्या.

१६. गोव्यातल्या जुन्या दस्तऐवजात एस्कुदो आहेत, आणि आखातातल्या पत्रांत रुपये. यांचं काय?

गोव्यात पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत रुपिया या तिथल्या जुन्या चलनाच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियाला ६ एस्कुदो. डिसेंबर १९६१ नंतर भारतीय रुपया आला तोही एका रुपयाला ६ एस्कुदो याच दराने. तेव्हा १,२०० एस्कुदोंचे २०० रुपये, आणि ४.७६ ने भागून सुमारे ४२ डॉलर.

आखातात भारतीय रुपयाच चालत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, पण किंमत भारतीय रुपयाइतकीच. १९६६ च्या अवमूल्यनानंतर तिथल्या उरलेल्या राज्यांनीही आपापली चलनं आणली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुटुंबांकडे नंतरच्या दिरहम-रियालच्या पावत्या असतात. त्यांचा स्वतंत्र दर शोधत बसू नका. नोव्हेंबर १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम आणि १९८६ पासून ३.७५ सौदी रियाल हे दर बांधलेले आहेत. डॉलरच्या त्या दिवसाच्या रुपयांतल्या दराला या आकड्याने भागलं की पुरे.

१७. १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा दर बदलला का?

नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आण्यांऐवजी १०० नवे पैसे झाले, रुपया तोच राहिला. जुन्या रकमा बदलताना आण्यांना १६ ने आणि पैंना १९२ ने भागून रुपयात मिळवा. ५ आणे ४ पै म्हणजे ०.३१२५ + ०.०२०८ = ०.३३ रुपये.

१८. आजोबांनी १९७० मध्ये अमेरिकेहून ५०० डॉलर पाठवले होते. आजचे किती?

त्या वेळचे ३,७५० रुपये, हे पक्कं : ५०० × ७.५०. ‘आजचे किती’ यातून मात्र दोन वेगळे प्रश्न निघतात. आजोबांनी तिथे कितीचा त्याग केला, हे हवं असेल तर अमेरिकी महागाई लावा. तिथला ग्राहक किंमत निर्देशांक १९७० मध्ये सरासरी ३८.८ होता, २०२३ मध्ये ३०४.७. म्हणजे २०२३ चे सुमारे ३,९२५ डॉलर, आणि मग २०२३ चा दर. इथल्या घराला त्या पैशांत किती धान्य, किती फी भागवता आली, हे हवं असेल तर ३,७५० रुपयांना भारतीय निर्देशांक लावा. त्यासाठी श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक घ्या आणि पायाभूत वर्ष बदलल्याचे जोडगुणक (जुनी आणि नवी मालिका जोडणारे आकडे) वगळू नका. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत, कारण दोन देशांतली महागाई आणि विनिमय दर एका चालीने चालले नाहीत. ५०० ला थेट आजच्या दराने गुणणं मात्र दोन्हींपैकी कशाचंच उत्तर देत नाही. तो आकडा फक्त आज पाठवलेल्या ५०० डॉलरचा आहे.